वजा शंभर फूट

गणिताच्या पुस्तकात एक गृहस्थ राहतो. त्याचं नाव दर पाठाला बदलतं, कधी तो रामराव असतो, कधी नुसताच 'एक शेतकरी'. पण माणूस तोच. त्याच्यापाशी एक आयताकृती जागा असते, तिची लांबी-रुंदी पूर्णांकात असते आणि तिच्याभोवती कुंपण घालायचं त्याच्या मनात कायम घोळत असतं. तार काय भावाने मिळते हे त्याला तोंडपाठ असतं. शाळेच्या दिवसांत आपण त्याला जितकी कुंपणं घालून दिली, तितकी स्वतःसाठी पुढे जन्मभरात कोणी घालत नाही. कधी त्याला तारेचे तीन पदर हवे असतात, कधी चार. कधी तो कुंपणाच्या आतल्या अंगाने दोन मीटर रुंदीचा रस्ता काढतो, त्यावर फरशी बसवतो आणि तिचाही हिशेब आपल्याच गळ्यात घालतो. एवढा उद्योगी माणूस, पण त्याच्या कुंपणाला फाटक नसतं. आपलं उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या उत्तराशी जुळतं, आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो आणि तो बिचारा चारी बाजूंनी तार ओढून, बहुधा आतच, उभा राहतो. त्याला पलीकडून कोणी हाक मारल्याचं एकाही पाठात नाही. पलीकडे कोणी असतं याचाच मुळी पुस्तकाला पत्ता नाही.

तरी ते सूत्र मला फार आवडायचं. लांबी अधिक रुंदी, आणि आलेल्याची दुप्पट. त्यात एक खानदानी साधेपणा आहे. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतात हे एकदा मान्य केलं की दोनच बाजू मोजाव्या लागतात, उरलेल्या दोन विश्वासावर चालतात. आमचे गुरुजी परिमिती शिकवताना अख्ख्या वर्गाला बाहेर काढत आणि मैदानाच्या कडेकडेने एक फेरी मारायला लावत. पायाला कळलं की डोक्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं. क्षेत्रफळ शिकवताना मात्र ते आम्हाला आत बसवून फळ्यावर चौकटी आखत. त्यामुळे क्षेत्रफळ ही बसून करायची गोष्ट आणि परिमिती ही चालून करायची, अशी माझी समजूत झाली, आणि गंमत म्हणजे ती पुढेही कधी मोडली नाही. सातबाऱ्यावर जमिनीचे हेक्टर असतात, आर असतात, पोटखराबा असतो, आकार असतो. घरबसल्या चष्मा लावून ते वाचता येतं. पण त्या जमिनीच्या कडेने चालायला निघालं तर किती पावलं पडतील, हे त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं. आपल्याकडे किती आहे ते सरकार लिहून देतं. ते राखायला किती फिरावं लागेल ते ज्याचं त्याने पाहायचं.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरामागच्या आवाराला कुंपण घालायचं ठरलं, ते गुरांमुळे. कोकणात भातं कापून झाली, की गुरं मोकळी सुटतात. पावसाळाभर जी दाव्याला असतात, ती मग गावभर हिंडतात. ज्याच्या दारी हिरवं दिसेल त्याच्या दारी थांबतात. पूर्वी याचं कोणाला काही वाटत नसे, कारण कुंपणही हंगामी असायचं. भात उभं असेतोवर काट्याकुट्यांची वई घालायची आणि शेत मोकळं झालं की तीच वई उपसून चुलीत सारायची. कुंपण म्हणजे एका पिकापुरती केलेली विनंती होती. आता परसात बारमाही काहीतरी लावायची हौस आली आहे, तेव्हा विनंतीही बारमाही करावी लागणार, आणि ती सिमेंटच्या पोलांची आणि काटेरी तारेची असणार, असं घरात सर्वानुमते ठरलं.

कागदावर आमचं आवार 62 फूट बाय 41 फूट. म्हणजे बेरीज 103 आणि दुप्पट 206. पुस्तकातल्या गृहस्थाने इथेच तारेच्या दुकानाची वाट धरली असती. पण गावचे गवंडी लांबी-रुंदीवर इतक्या सहज विश्वास ठेवत नाहीत. ते आधी कोपऱ्यात गुण्या लावून पाहतात. मोठ्या जागेला हातातला गुण्या पुरत नाही, तेव्हा दोरीने एका बाजूला 3 फुटांवर आणि दुसऱ्या बाजूला 4 फुटांवर खूण करतात, आणि त्या दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर 5 फूट भरलं तर कोपरा काटकोनात आहे म्हणून मान डोलावतात. आमचा एकही कोपरा त्या परीक्षेला उतरला नाही. मग दोन्ही कर्ण ताणून पाहिले. आयतात कर्ण सारखे यायला हवेत. आमचे साडेतीन फुटांनी वेगळे आले. फिरून चारी बाजू मोजल्या, तर पूर्वेची 62 फूट, पश्चिमेची साडेसाठ, उत्तरेची 41 आणि दक्षिणेची 43. बेरीज दोनशे साडेसहा, म्हणजे 206.5. सगळा वाकडेपणा एकमेकांत वजावट होऊन सूत्राशी अवघ्या अर्ध्या फुटाचा फरक राहिला होता. मोठ्या कुटुंबांचंही पुष्कळदा असंच असतं. एकेकाकडे पाहिलं तर कोणी सरळ दिसत नाही, पण बेरीज ठीक येते.

बाजू मोजताना एक गोष्ट आपोआप होते. फूट लिहून घेता घेता, पलीकडे कोण आहे तेही लिहिलं जातं. पूर्वेला शेजारच्या आप्पांचा गडगा, जांभ्या दगडाचा, सुका रचलेला, कंबरेच्या वर उंच. दक्षिणेला पाखाडी, तिथून वाडीतली माणसं ये-जा करतात. पश्चिमेला पऱ्या, पावसाळ्यात खळाळता आणि एरवी नुसता दगडांचा. त्याच्या काठावर आमच्याच हद्दीत चिवारीचं एक दाट बेट. उत्तरेला चुलतभावाची काजूची कलमं. चुलतभाऊ, म्हणजे दादा, चाकरमानी, गणपतीला आणि होळीला येणारा. चारपैकी एकही बाजू अशी नव्हती, की जिच्या पलीकडे नुसती जमीन असावी. 'उत्तरेला 41 फूट' म्हणायच्या ऐवजी आम्ही सगळेच 'दादाच्या अंगाला 41' म्हणत होतो. मोजणीचे साहेब हद्द कायम करायला येतात तेव्हा लगतच्या सगळ्या धारकांना आधी नोटीस जाते, ती काही नुसत्या औपचारिकतेची बाब नव्हे. रेघ एकट्याच्या सहीने ठरतच नाही.

पोलवाला आला तो सूत्र विचारायला थांबला नाही. तो रनिंग फुटावर पैसे घेणारा माणूस. पण आल्या आल्या त्याने लांबी विचारली नाही, की टेप काढली नाही. आवारात एक चक्कर मारली आणि म्हणाला, "काका, माणसं कुठनं जातात-येतात ते आधी सांगा. फूट मग मोजू." मला त्या क्षणी गणिताच्या पुस्तकातला गृहस्थ आठवला आणि त्याला आजवर असा पोलवाला भेटला नाही याचं वाईट वाटलं.

पोलांचा हिशेब हा तारेच्या हिशेबाचा खट्याळ धाकटा भाऊ. दर 8 फुटांवर एक पोल म्हटलं तर 206 भागिले 8, म्हणजे पावणेसव्वीस, म्हणजे 26 पोल, असं कोणीही म्हणेल. पण कोपऱ्यावर पोल हवाच, आणि कोपरा काही 8 फुटांच्या पटीत येऊन उभा राहत नाही. 62 फुटांना आठ गाळे पडतात, साडेसाठला आठच, 41 ला पाच पुरत नाहीत म्हणून सहा, 43 लाही सहा. झाले 28. दोन पोल कोपऱ्यांनी खाल्ले. त्यातून कोपऱ्याच्या पोलाला तार दोन दिशांनी ओढते, म्हणून त्याला तिरका टेकू लागतो; मधल्या पोलाला दोन्हीकडून सारखाच ताण, तो सुखी. आणि यातली सगळ्यात मजेची गोष्ट अशी, की कुंपण चारी बाजूंनी पूर्ण बंद असलं तर जितके गाळे तितकेच पोल लागतात. एक जागा मोकळी सोडली, की गाळा एक कमी होतो पण पोल तेवढेच राहतात. दार ठेवण्यात तार वाचते, खांब वाचत नाही. उलट त्या दोन खांबांवर सगळ्यांत जास्त भार पडतो, म्हणून ते अधिक जाड घ्यावे लागतात आणि अधिक खोल पुरावे लागतात. मोकळी जागा उघडी ठेवायला भक्कम माणसं लागतात, हे घरातही दिसतंच.

रात्री मात्र माझं मन वेगळ्याच वाटेला लागलं. कुंपण जर वाचवायचंच, तर आवार आयताकृती हवंच कशाला? सारख्याच लांबीच्या दोरीत सगळ्यांत जास्त जागा वर्तुळात मावते. फिनिशियन राजकन्या डायडोची जुनी आख्यायिका आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरल्यावर तिने बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, आणि मग त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून, त्या जोडून, त्यांनी आख्खी टेकडी वेढली. तिथे कार्थेज उभं राहिलं म्हणतात. आमच्या 206 फुटांचा गोल केला तर आत 3377 चौरस फूट येतात. आयतात 2542 च. म्हणजे 835 चौरस फुटांची, पाऊण गुंठ्याहून जास्त जागेची बचत, तीही फुकटात. मग जगातली आवारं गोल का नाहीत? धनगरांचा मेंढवाडा गोलसर असतो, पण तो मोकळ्या रानात, एका मुक्कामापुरता, आणि त्याला शेजार नसतो. शेजार आला की गोलाचं काही खरं नाही. एक गोल आवार दुसऱ्या गोल आवाराला फक्त एका बिंदूत टेकतं. बाकी सगळीकडे मधे त्रिकोणी, कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या बेचक्या उरतात, त्यांत रान माजतं आणि दावे उभे राहतात. आयत मात्र आयताला पूर्ण लांबीने टेकतो. स्वतःची पाऊण गुंठा जागा सोडून देऊन तो शेजाऱ्यासाठी आपली कड सरळ करतो. काटकोन हा भूमितीतला शिष्टाचार आहे, हे मला तेव्हा पटलं, आणि आमचे चारी कोपरे त्यात जरा कमी पडतात याचाही राग आला नाही.

शेजारामुळे कुंपण किती कमी-जास्त होतं ते एकदा जुन्या मापांत करून पाहावं. मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर. समजा एक एकर अगदी शहाण्यासारखा पसरला आहे, एका अंगाला 8 साखळ्या आणि दुसऱ्या अंगाला 5. म्हणजे 264 फूट आणि 165 फूट. भोवती कुंपण घालायचं तर 858 फूट तार पुरे. आता त्याच एकराचे गुंठा-गुंठा पाडले आणि चाळीस जणांनी ते घेतले. आपल्या शहरांच्या कडेला हे इतकं झालं, की 2001 साली राज्याला गुंठेवारीसाठी वेगळा कायदा करावा लागला. प्रत्येकाने आपापल्या गुंठ्याभोवती आपलं स्वतंत्र कुंपण घातलं, तर एकेकाला 132 फूट तार लागेल. चाळीस जणांची मिळून 5280 फूट. मी हा गुणाकार दोनदा करून पाहिला, कारण तो आकडा ओळखीचा होता. 5280 फूट म्हणजे बरोबर एक मैल. जमीन एक इंचाने वाढली नाही, एक इंचाने कमीही झाली नाही. पण तिला राखायला आधी जिथे 858 फूट पुरत होते, तिथे मैलभर तार लागली.

तीच चाळीस माणसं जर मधल्या हद्दीवर एकच कुंपण समाईक ठेवायला राजी झाली, तर सगळं मिळून 3069 फुटांत भागतं. मधले 2211 फूट वाचतात, आणि ते वाचवायला तार, पोल, सिमेंट, यांतलं काही लागत नाही. फक्त एकमेकांशी बोलावं लागतं. बाजारात एवढी स्वस्त कुंपणाची सामग्री दुसरी नाही, आणि एवढी दुर्मीळही. आता एक गोष्ट खरी, की हिशेबाच्या भरात मी रस्ता ठेवायचा विसरलो असं कोणी म्हणेल. पण मी मुद्दामच ठेवला नाही. पुस्तकातल्या गृहस्थाच्या चालीने एकदा पुरतं चालून पाहायचं होतं. 8 बाय 5 च्या त्या मांडणीत कडेचे 22 जण कसेही बाहेर पडतील. मधले 18 जण मात्र शेजाऱ्याच्या अंगणातून गेल्याशिवाय भाजी आणायलाही जाऊ शकत नाहीत. त्यांची कुंपणं सगळ्यांत पक्की असतील, आणि ती ओलांडायची परवानगी मागत त्यांचा जन्म जाईल.

सिमेंटच्या पोलाआधी गावात जी कुंपणं होती, ती मोजण्यापेक्षा लावली जायची. करवंदीची जाळी, निवडुंग, शेर, मोगली एरंड, घायपात. पांगाऱ्याचे आणि गिरिपुष्पाचे दांडे नुसते जमिनीत खोचले तरी पावसाळ्यात त्यांना पालवी फुटते आणि खांबाचं झाड होतं. तारेतला काटाही तसा उसनाच. अमेरिकेच्या माळरानावर ना दगड होता ना लाकूड, म्हणून तिकडचे शेतकरी काटेरी झुडपांची वई लावत. पुढे इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने तारेलाच काटे बसवून 1874 साली त्याचं पेटंट घेतलं आणि झुडपाचं काम लोखंडावर आलं. जिवंत कुंपणाचा खर्च कमी, पण त्याला भूक असते. दरसाल ते वीतभर आत सरकतं, मुळं वाफ्यात घालतं, सावली मिरच्यांवर टाकतं. कुंपणानेच शेत खाल्लं असं आपण भ्रष्ट माणसांविषयी म्हणतो, पण मूळ तक्रार अगदी शब्दशः खरी आहे. वई छाटली नाही तर तीन-चार पावसांत सरड्याची धाव वाढते आणि मालकाची आखडते.

या देशाला एकदा असंच एक भलंमोठं कुंपण घातलं गेलं होतं, हे आता फारसं कोणाला आठवत नाही. मिठावरचा कर बुडू नये म्हणून ब्रिटिशांनी सिंधूपासून महानदीकडे जाणारी एक जकातीची रेघ आखली. 1869 च्या सुमारास ती 2300 मैलांच्या आसपास होती आणि तिच्यावर बारा हजारांच्या घरात माणसं पहारा करत होती. या रेघेच्या मोठ्या भागावर, खाली अगदी खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपुरापर्यंत, बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग आणि थोर यांची वई वाढवली होती. कुठे जिवंत, कुठे नुसत्या वाळक्या काट्यांची. वाळक्या वईला वाळवी लागे, वणवे लागत, वारा उडवून नेई. पुन्हा गाड्या भरभरून काटे आणावे लागत. मूठभर मीठ इकडून तिकडे जाऊ नये म्हणून एवढी बागाईत! त्या वईची निगा ज्यांनी काही काळ पाहिली, ते जकात खात्याचे आयुक्त होते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. तेच पुढे 1885 साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. काही वर्षं माणसांमध्ये काटे लावण्यात गेली म्हणून पुढे माणसं एकत्र जमवावीशी वाटली असतील का, असा प्रश्न मनात येतो. पण तो त्यांना विचारायची आता सोय नाही. 1879 साली ती रेघ मोडीत निघाली. पुढे रॉय मॉक्सहॅम नावाचा एक इंग्रज गृहस्थ जुने नकाशे घेऊन ती वई शोधायला भारतात आला, आणि बरंच हिंडल्यावर त्याला चंबळच्या परिसरात तिचा जेमतेम एक तुकडा सापडला. 2001 साली त्याने यावर पुस्तक लिहिलं. बाकीची वई लोकांनी सरपणाला नेली, शेतात घेतली, तिच्या बांधावरून वाटा पाडल्या. एवढ्या लांबीचं कुंपण इतक्या सहज पुसलं जातं, याचं मला नवल वाटतं आणि थोडा धीरही येतो.

आप्पांच्या गडग्याला मात्र कोणी पुसू शकलेलं नाही. तो त्यांच्या वडिलांनी घातला. दोन्ही तोंडांनी मोठे चिरे, पोटात बारीक दगड, कुठेही चुना नाही की माती नाही. मधल्या एका जागी दोन लांबट दगड दोन्ही अंगांना हातभर पुढे काढलेले आहेत, एकाच्या वर एक, तिरके. त्यांवर पाय देऊन पलीकडे जाता येतं. गुरांना ही युक्ती कळत नाही, माणसांना सांगावी लागत नाही. गडगा घालतानाच तो ओलांडायची सोय त्यात रचून ठेवली होती, म्हणजे ज्याने तो घातला त्याला अडवायचं कोणाला होतं आणि कोणाला नव्हतं हे पक्कं ठाऊक होतं. त्या दगडांची वरची बाजू पाय लागून लागून गुळगुळीत झाली आहे. बाकीचा चिरा अजून चाळणीसारखा सच्छिद्र. मे महिन्यात आप्पांकडची आमसुलं त्या गडग्यावर वाळतात. गौरीच्या दिवसांत हळदीच्या पानांतल्या पातोळ्यांचं ताट त्यावरून इकडे येतं, आणि रिकामं ताट परत करायचं नाही या रिवाजाने काहीतरी घेऊन परत जातं. त्या गडग्याची एक बाजू आमच्या मोजणीत 62 फूट म्हणून लागली आहे, आणि त्यातला एक फूटही आम्ही घातलेला नाही.

पोलवाल्याने सिमेंटच्या रिकाम्या गोणीच्या कागदावर पेन्सिलीने हिशेब मांडला. वर 206.5 लिहिलं. खाली एकेक ओळ वजा करत गेला. पूर्वेला गडगा आहे, तार कशाला, 62 गेले. पश्चिमेला चिवारीचं बेट 24 फुटांचं, त्यातून कुत्रंसुद्धा निघत नाही, ते गेले. पाखाडीकडे गाडी यायला 10 फुटांचं गेट. आणि दादाच्या अंगाला 4 फुटांचं बेडं, दोन खांबांत आडवे बांबू सरकवायचे, काढले की वाट, घातले की कुंपण. कारण काजूच्या दिवसांत दादाच्या बिया गोळा करायला आमच्याच घरातनं माणूस जातो. त्याने खाली रेघ ओढली, बेरीज केली आणि म्हणाला, "शंभर वजा. साडेशंभर-सहा राहिले, एकशे सातचे पैसे धरू." फुटावर पोट भरणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने शंभर फूट कमी केले होते, आणि त्यात आपण काही विशेष केलं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. साडेशंभर-सहा हा आकडा कुठल्या शाळेत म्हणतात मला माहीत नाही, पण कागदावर त्याने 106.5 असंच स्वच्छ लिहिलं होतं.

आप्पा गडग्याला टेकून हे सगळं बघत होते. "काय रे, किती झालं?" त्यांनी विचारलं.

"एकशे सात, आप्पा. तुमचे बासष्ट वाचले."

"वाचले कसले? ते माझ्या बापाने घातलेत." आप्पांनी थोडा विचार केला. "उधारी लिहून ठेव."

मी म्हटलं, लिहिली. पोलवाल्याने खरोखरच कागदाच्या कोपऱ्यात 'आप्पा, 62 फूट, बाकी' असं लिहिलं आणि तो कागद घडी करून माझ्या हातात दिला. त्यावर भाव मात्र त्याने टाकला नाही. विचारलं तर म्हणाला, "जुन्या कामाचा रेट मला माहीत नाही, काका. तो तुम्ही दोघांनी ठरवा." आप्पा म्हणाले, घाई नाही, गौरीनंतर बसू. कोणत्या वर्षीच्या गौरीनंतर, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.